परंड्याचा हबशी आणि नववीचा वर्ग

इ. स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा निजामशाही संपली असे अकबराच्या दरबाराला वाटले. ती संपली नाही. मलिक अंबर नावाच्या सरदाराने मुर्तझा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवले आणि परंड्याच्या किल्ल्यातून राज्याचा कारभार पुन्हा सुरू केला. अंबर जन्माने आफ्रिकेतला, आजच्या इथिओपियातला. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात हिंडत दख्खनेत पोचला. इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलामच होता. पुढे पाव शतक या माणसाने मोगल फौजांना दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. जमिनीची पाहणी करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत मराठी मुलखाने दीर्घकाळ लक्षात ठेवली. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले, तिथे नहरीने पाणी आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाला हा माणूस रणात हाती लागला नाही, म्हणून त्याने त्याला चित्रात मारले. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने १६१६ च्या सुमारास काढलेल्या त्या चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे आणि त्या मुंडक्यावर घुबड बसले आहे. सोबतच्या मजकुरात अंबरच्या रंगाची तुलना रात्रीशी केली आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, नैसर्गिक मृत्यूने गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याचे मुंडके कुणीही उडवले नव्हते. चित्र मात्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात शाबूत आहे.

हे चित्र परंड्याच्या नववीच्या वर्गात भिंतीवर लावावे आणि मुलांना एवढेच विचारावे: तुम्ही काय पाहावे असे चित्रकाराला वाटत होते, त्यासाठी त्याने काय काय केले, आणि चित्रातून त्याने काय गाळले? धाराशिव जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांनी रंग, वंश आणि जात यांवरून होणारा दुजाभाव शिकवण्याची सुरुवात इथून करावी, असे माझे मत आहे. त्यासाठीची मुख्य साधने नाटक आणि चित्रपट असावीत, आणि ती गॅदरिंगच्या हौसेपुरती न राहता तासाच्या वेळेत, अभ्यास म्हणून वापरली जावीत. कारण साधे आहे. हा दुजाभाव मुलांना कुणी पुस्तकातून शिकवलेला नसतो. पंगतीत कोण कुठे बसते, पाणी कोण वरून ओतते, घरी आलेल्या माणसाला कुठला कप मिळतो, सिनेमात चोर कोणत्या रंगाचा असतो, हे बघून बघून तो अंगात भिनतो. जे डोळ्यांतून आणि कानांतून आत गेले, ते केवळ प्रश्नोत्तरांनी बाहेर येत नाही.

शाळा आज काय करतात ते पाहू. रोज सकाळी प्रतिज्ञा होते, तिच्यात सगळे भारतीय आपले बांधव असल्याचे मुले एका सुरात म्हणतात. नागरिकशास्त्रात संविधानाचा सतरावा अनुच्छेद येतो, अस्पृश्यता नष्ट केल्याचे मुले उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंत्यांना भाषणे होतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण गावातल्या कोणत्याही मुलाला नवी पाटी वाचूनही त्या वस्तीचे जुने नाव ठाऊक असते, आणि सावळ्या पोराला ‘काळ्या’, ‘डांबर’, ‘कोळसा’ म्हणण्याआधी त्याने सतरावा अनुच्छेद पाठ केला आहे की नाही याने काहीच फरक पडत नाही. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवशी वर्गात कोण उभे राहते याकडे बाकीची चाळीस डोकी वळून पाहतात. त्या एका वळण्यात मुले समाजरचनेचा जो धडा शिकतात, त्याची बरोबरी वर्षभराचे नागरिकशास्त्र करू शकत नाही.

पडद्यावरचे चित्र तरुण मनावर खरोखर किती खोल उमटते याचा पुरावा जुना आहे आणि भक्कम आहे. अमेरिकेत रूथ पीटरसन आणि लुई थर्स्टन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. इलिनॉय राज्यातल्या क्रिस्टल लेक या गावी, जिथे कृष्णवर्णीय कुटुंबे जवळपास नव्हतीच, शाळेतल्या मुलांना ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा १९१५ चा चित्रपट दाखवला गेला. त्यात कृष्णवर्णीय माणूस हिंस्र आणि मूर्ख रंगवला आहे. चित्रपटाआधी आणि नंतर मुलांची मते मोजली, तेव्हा कृष्णवर्णीयांविषयीची मते स्पष्टपणे बिघडलेली आढळली, आणि पाच महिन्यांनी पुन्हा मोजल्यावरही त्या बिघाडाचा मोठा भाग तसाच होता. ज्यांच्याशी कधी बोलणे झाले नाही, ज्यांनी कधी काही वाईट केले नाही, त्यांच्याविषयीची अढी एका दुपारच्या खेळाने बसली. त्याच संशोधकांनी दुसऱ्या एका गावात चिनी माणसाला सहानुभूतीने रंगवणारा चित्रपट दाखवला, तेव्हा मुलांचे मत उलट दिशेने, चिनी लोकांच्या बाजूने सरकले. आपल्याकडे असे मोजमाप कुणी केले नसले, तरी काय मोजायचे ते समोर आहे. हिंदी चित्रपटाने काळ्या रंगाचा पिढ्यान् पिढ्या विनोद केला. मराठी घराघरांत २०१९ पासून पाहिली गेलेली ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सावळ्या नायिकेच्या अपमानाविरुद्ध उभी राहिली होती, तरी तिच्या नायिकेचा रंग अभिनेत्रीला मेकअप करून आणावा लागला. चांगला हेतूही अशा ठिकाणी कसा अडखळतो, हे पंधरा वर्षांच्या मुलांना समजते. त्यांना विचारणारे कुणी हवे.

नुसते पाहून भागत नाही, हे मात्र आधीच मान्य केले पाहिजे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच शेजारचे आहे. परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ एप्रिल २०१६ मध्ये आला आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या पोरांनी तो पाहिला. त्यातले नाचाचे गाणे वरातीत आणि गॅदरिंगमध्ये अजून वाजते. शेवटची काही मिनिटे, ज्यांत पार्श्वसंगीतही थांबते आणि एक लहान मूल रक्ताळल्या पावलांनी घराबाहेर येते, ती मात्र कुणी पुन्हा लावत नाही, त्यावर कुणी बोलत नाही. चित्रपटाने दोन्ही गोष्टी दिल्या होत्या, आपण सोपी ती ठेवून घेतली. म्हणून वर्गात चित्रपट दाखवणे म्हणजे स्मार्ट टीव्ही लावून शिक्षकाने बाहेर जाणे असे होत असेल, तर तो तास गणिताला द्यावा. पूर्ण चित्रपटही रोज लागत नाही. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’मधला एकच प्रसंग पुरेसा आहे. शाळकरी जब्याचे कैकाडी कुटुंब गावाच्या सांगण्यावरून डुक्कर पकडत आहे, वर्गातली पोरे कठड्यावर बसून हसत आहेत, डुक्कर हाती येणार तोच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निसटते. हा प्रसंग दोनदा दाखवावा. पहिल्यांदा मुले बहुधा हसतील, आणि त्यांना हसू द्यावे. दुसऱ्यांदा दाखवण्याआधी सांगावे की आता जब्याकडे पाहू नका, हसणाऱ्यांकडे पाहा, त्यांच्यात किती जण ओळखीचे वाटतात ते मोजा. मग त्याच चित्रपटात ते डुक्कर खांद्यावर टांगून नेताना मागच्या शाळेच्या भिंतीवर कोणकोणाच्या तसबिरी रंगवल्या आहेत, ते ओळखायला सांगावे. पुढची वीस मिनिटे शिक्षकाला फारसे बोलावेच लागणार नाही.

चित्रपट पाहणाऱ्याला जागेवर बसवतो, नाटक त्याला जागा बदलायला लावते. या दृष्टीने आपल्याकडचा वारसा जगाला दाखवण्यासारखा आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाई, तिचा नवरा आणि त्यांना ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी अशी त्याची गोष्ट. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्या नाटकातला विदूषक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो गोष्टीत असूनही गोष्टीबाहेर उभा राहतो आणि आत्ता इथे काय चालले आहे ते बोलून दाखवतो. शंभराहून अधिक वर्षांनी ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी शोषितांच्या रंगभूमीची पद्धत जगभर नेली, तिच्यातही प्रसंग मध्येच थांबवून प्रेक्षकांना रंगमंचावर बोलावणाऱ्या सूत्रधाराला ‘जोकर’ हेच नाव आहे. तुळजापूरच्या मुलांना तर हे दूरचे वाटायला नको. गोंधळात आख्यान सांगणाऱ्या नायकाला साथीदार मध्येच अडवून प्रश्न विचारतो आणि त्या सवालाने कथा पुढे सरकते, हे त्यांनी लहानपणापासून संबळाच्या तालावर ऐकलेले असते. जात आणि वंश यांचा एकत्र विचार करणेही इथे नवे नाही. फुल्यांनीच १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच ठामपणे मांडले होते आणि वर्गातही ते स्पष्ट सांगायला हवे. पण जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी नजर दोन्हीकडे एकाच रीतीने तयार होते, हे ओळखणारे लोक महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच होते.

एक प्रसंग घेऊ. लातूरला किंवा पुण्याला शिकायला गेलेला मुलगा भाड्याची खोली बघतो आहे. घरमालक चहा देतो, गाव विचारतो, वडील काय करतात विचारतो, आणि मग विचारतो, ‘आडनाव काय म्हणालात?’ इथे नाटक थांबवायचे. वर्गातल्या ज्याला वाटेल त्याने उठून मुलाची जागा घ्यावी आणि पुढे काय बोलेल ते बोलावे. नंतर दुसऱ्याने घरमालकाची, तिसऱ्याने खिडकीतून ऐकणाऱ्या शेजारणीची. त्यानंतर तीच खोली बघायला मणिपूरची मुलगी येते, किंवा सुदानचा विद्यार्थी येतो, आणि आता आडनावाने अडवला गेलेला मुलगा आधीचा भाडेकरू म्हणून दारात उभा आहे. तो काय बोलेल? जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या निदो तानिया या तरुणाला त्याच्या दिसण्यावरून चिडवले गेले, वाद वाढला, मारहाण झाली आणि तो मेला. चिडवणारे स्वतःला वंशद्वेष्टे म्हणवत नव्हते. आपल्या जिल्ह्यातून शहरात जाणारा मुलगा एका दारात अपमान झेलणारा आणि दुसऱ्या दारात अपमान करणारा असू शकतो, हे भाषणात सांगितले तर आरोप वाटतो. स्वतःच्या तोंडून तो संवाद बाहेर पडला की आरोप करायला समोर कुणी उरत नाही.

यातून किती साधेल याविषयी वाढवून बोलू नये. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर द्वेषाविरुद्ध एक रेडिओ नाटकमालिका सुरू झाली. तिचा परिणाम एलिझाबेथ लेव्ही पलक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभर तपासला आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. श्रोत्यांची मनातली मते फारशी बदलली नव्हती. बदलले होते ते वेगळेच: आपल्या समाजात काय योग्य मानले जाते याची त्यांची समज, आणि त्यानुसार त्यांचे वागणे. ते गटात मतभेद बोलून दाखवू लागले होते. मालिका ते एकत्र बसून ऐकत असत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मला हा निष्कर्ष निराश करत नाही, उलट शाळेचे काम नेमके कोणते ते सांगतो. नववीतल्या मुलाच्या मनात काय आहे ते शिक्षक बदलू शकेल किंवा नाही. पण ‘काळ्या’ म्हटल्यावर वर्ग हसतो की गप्प होतो, हे शाळेच्या हातात आहे. चिडवणारा एकटा पडला की त्याची अर्धी ताकद जाते.

आक्षेप येतीलच, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पोरे आता जातपात विसरत चालली आहेत, तुम्ही कशाला आठवण करून देता, हा सर्वांत जास्त ऐकू येणारा. मराठवाड्याने या बोलण्याची किंमत एकदा मोजली आहे. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि काही दिवसांत गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्या द्वेषाचे शिक्षण कुठल्या वर्गात दिले गेले नव्हते. वर्गात त्याविषयी काहीच बोलले जात नव्हते, आणि तरी तो तयार होता. ज्याला विसर म्हणतात तो बहुतेक वेळा ज्यांना त्रास होत नाही त्यांचा विसर असतो. शाळेत बोलले नाही म्हणून मूल अजाण राहत नाही, ते मोबाइलवर, पारावर, मिरवणुकीत बोललेले ऐकते. तिथे त्याला थांबवून प्रश्न विचारणारे कुणी नसते.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. ‘फँड्री’ लागला आणि वर्ग वळून एखाद्या कैकाडी किंवा पारधी मुलाकडे पाहू लागला तर? जे थांबवायचे तेच आपण पडद्याच्या मदतीने घडवू. अमेरिकेत जेन एलियट या शिक्षिकेने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी, एप्रिल १९६८ मध्ये, आयोवातल्या रायसव्हिल गावी तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून दोन गटांत विभागणी केली आणि एका गटाला दिवसभर कनिष्ठ ठरवले. मुले भेदभाव शिकली, आणि कनिष्ठ ठरलेली मुले अभ्यासातही मागे पडली. प्रयोग जगभर गाजला, पण लहान मुलांना फसवून दुखावण्याचा हक्क शिक्षकाला आहे का, हा प्रश्न त्याला तेव्हापासून चिकटला तो सुटलेला नाही. माझ्या मते तो हक्क नाही. म्हणूनच सुरुवात चारशे वर्षांपूर्वीच्या अंबरपासून, अमेरिकेपासून, अनोळखी शहरातल्या खोलीपासून करावी आणि गावातल्या वस्तीपर्यंत मुलांच्या पावलाने यावे, वर्ष लागले तरी चालेल. कोणत्याही मुलाला स्वतःच्या समाजाचा अपमान रंगमंचावर करून दाखवायला लावू नये. कोणालाही ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून उभे करू नये. कुणी आपणहून बोलला तर ऐकावे. अपमान करणाऱ्याची आणि गप्प बसून पाहणाऱ्याची भूमिका मात्र फिरती ठेवावी, ती सर्वांच्या वाट्याला यावी. आणि शिक्षकाने दाखवायचा प्रसंग आधी एकट्याने, दोनदा पाहावा.

शिक्षक तरी कुठले वेगळ्या मातीचे, हा तिसरा आक्षेप. खरा आहे. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या नजरेत अढी आहे तो प्रसंग थांबवेल कुठे आणि विचारेल काय? याला एका दिवसाचे प्रशिक्षण आणि एक परिपत्रक हे उत्तर पुरणार नाही. पण जिल्ह्यात साधन अगदीच नाही असेही नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर तुळजापुरात अनेक वर्षे ग्रामीण प्रश्नांवर काम करतो. २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन धाराशिवला झाले, जानेवारी २०२० मध्ये साहित्यसंमेलन झाले, आणि दोन्ही वेळा जिल्ह्यातल्या नाटकवेड्या माणसांनी राबून ते पार पाडले. त्या माणसांना आणि तुळजापूरच्या अभ्यासकांना शिक्षकांसोबत बसवायचे ठरवले, तर आठही तालुक्यांत एकेक शाळा निवडून काम सुरू करता येईल. शिक्षकांनी आधी स्वतः ती भाड्याच्या खोलीची तालीम करावी. तासिका कुठून आणायची, असे विचारणाऱ्यांनी २०१८ पासून चालू असलेले दहावीचे इतिहासाचे पुस्तक उघडावे. त्यात ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ असा स्वतंत्र धडा आहे, नाटक आणि चित्रपट त्यात आहेत. आज तो नावे आणि सन पाठ करून संपवला जातो.

गॅदरिंगची तयारी दिवाळीनंतर सुरू होते. यंदा परंड्याच्या एखाद्या शाळेने मलिक अंबरवर वीस मिनिटांचे नाटक बसवावे, ज्याचे संवाद मुलांनीच लिहिलेले असतील. गुलामांच्या बाजारापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंतची गोष्ट, आणि शेवटी रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर जहांगीरचे ते चित्र. तालमीच्या पहिल्याच दिवशी प्रश्न निघेल की अंबर कोण होणार, आणि वर्गातल्या सर्वांत सावळ्या मुलाकडे बोटे जातील. लगेच दुसरा प्रश्न येईल की गोरा मुलगा अंबर झाला तर त्याच्या तोंडाला काळे फासायचे का. शिक्षकाने त्या दिवशी तालीम बंद ठेवावी, सगळ्यांना खाली गोल करून बसवावे आणि निर्णय मुलांवर सोडावा.